रिफ्लेक्शनमध्ये नेमकं लिहायचं काय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं व्हिज्युअल कम्युनिकेशन (चित्रं आणि अक्षरांतून सांगणं, म्हणजे पोस्टर, लोगो, ब्रोशर वगैरे) शिकणाऱ्या मुलामुलींची आहेत, आणि विषय जवळजवळ एकच आहे, प्रोजेक्ट झाल्यावर जे रिफ्लेक्शन, म्हणजे आपण काय केलं आणि का केलं याचं टिपण, लिहून द्यायचं असतं त्याचं करायचं काय. सबमिशन तोंडावर आलेलं दिसतंय. एका वडिलांचंही पत्र आहे, ते मुद्दाम घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, मार्कांचा विषय आहे.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टनंतर पानभर रिफ्लेक्शन द्यावं लागतं. माझं ए-थ्री पोस्टर होतं, विषय 'निर्माल्य नदीत टाकू नका, कलशात टाका'. रिफ्लेक्शन दिलं तर मॅडमनी खाली "यात तू कुठे आहेस?" एवढंच लिहून परत दिलं. मी लिहिलं होतं ते असं : "हे पोस्टर करताना मला खूप मजा आली आणि खूप काही शिकायला मिळालं. सुरुवातीला अवघड गेलं पण नंतर जमलं. मी पिवळा आणि हिरवा वापरला कारण ते फ्रेश वाटतात. सगळ्यांना पोस्टर आवडलं. पुढच्या वेळी मी टाइम मॅनेजमेंट सुधारेन." यात खोटं काहीच नाहीये. पहिल्यांदा मी झेंडूचा मोठा फोटो घेतला होता तर आई म्हणाली कुठल्या दुकानाची जाहिरात आहे गं ही, मग ओंकारेश्वराजवळ नदीवर जाऊन फोटो काढला पण तो फारच गचाळ दिसत होता, शेवटी फक्त एक हात आणि कलश असं ड्रॉइंग केलं. हेडिंग पांढऱ्यावर पिवळं होतं ते मॅडमच्या सांगण्यावरून हिरवं केलं. एवढं सगळं करून मी त्यात नाही म्हणजे काय?
(दुसरं वर्ष, कर्वेनगर)

उत्तर : अगं, तू पत्राच्या शेवटी जे लिहिलंयस ना, आईचं ते वाक्य, नदीवरचा फोटो, मग हात आणि कलश, तेच रिफ्लेक्शन आहे. मॅडमना दिलेल्या कागदावर ते आलंच नाही. तू मेहनत केलीस की नाही याबद्दल त्यांना शंका नसणार, तुझं डोकं कसं चाललं ते त्यांना बघायचंय आणि नेमकं तेच कागदावर नाहीये.

आता एकेक वाक्य बघू. 'खूप मजा आली', 'खूप शिकायला मिळालं', 'आधी अवघड गेलं नंतर जमलं'. उद्या हीच वाक्यं तू लोगोच्या प्रोजेक्टखाली लावलीस, फोटोग्राफीच्या लावलीस, तुझ्या मैत्रिणीने तिच्या ब्रोशरखाली लावली, तरी बसतील. मी मुलांना हीच चाळणी लावायला सांगते, जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही प्रोजेक्टखाली जसंच्या तसं चालेल ते खोडायचं. तुझ्या पानाला ही चाळणी लावली की पिवळ्या-हिरव्याचं एकच वाक्य उरतं, आणि तेही अर्धवट आहे, त्याकडे येते मी.

आधी आईचं वाक्य. "कुठल्या दुकानाची जाहिरात आहे ही?" यापेक्षा चांगला फीडबॅक तुला वर्गात मिळाला नसता. त्यांना काय दिसलं असेल बघ, केशरी रंगाचा मोठा झेंडू, ताजा, टवटवीत, आणि खाली कुठेतरी मजकूर. डोळा आधी सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात भडक गोष्टीकडे जातो, मजकूर नंतर. आणि गणपतीच्या दिवसांत पुण्यात ताज्या झेंडूचा फोटो म्हणजे हारवाला, दुसरं काय वाटणार. निर्माल्य म्हणजे वाहून झालेलं फूल आणि तू फोटो घेतलास न वाहिलेल्या फुलाचा. चित्र एक सांगतंय, मजकूर दुसरंच सांगतोय. हे तुला त्या क्षणी कळलं म्हणून तर तू फोटो बदललास, मग हे लिही की!

नदीवरच्या फोटोबद्दल तू 'गचाळ' म्हणून विषय संपवलास, मला तिथे थांबावंसं वाटतं. गचाळ म्हणजे काय काय? पाणी, प्लास्टिक, गाळ सगळं एकाच करड्या-तपकिरी टोनचं आलं आणि डोळ्याला थांबायला जागाच नव्हती, असं झालं का? मजकूर त्यावर वाचता येईना, असं झालं का? का लोकांना बघूनच किळस आली आणि त्यांनी तोंड फिरवलं? ही तीन वेगळी कारणं आहेत आणि तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी क्रॉप बदलायचं, दुसऱ्यासाठी मजकुराला मोकळी जागा काढायची, तिसऱ्यासाठी फोटोच सोडून द्यायचा. तू तिसरं केलंस, म्हणजे बहुतेक कारणही तिसरंच असणार, पण ते तूच सांगू शकतेस. हाताच्या ड्रॉइंगचंही तसंच, हात कुणाचा काढलास, बांगड्या आहेत का, कलश लांबून कचऱ्याच्या डब्यासारखा दिसू नये म्हणून काय केलंस. मॅडमचं 'तू कुठे आहेस' ते या जागांबद्दल आहे.

आता रंग. 'फ्रेश वाटतात' हे कुणाला वाटतं, किती लांबून? पांढऱ्यावरचं पिवळं हेडिंग मॅडमनी बदलायला लावलं, त्यामागे मोजता येईल असं कारण आहे. दोन रंगांमधला कॉन्ट्रास्ट आकड्यात काढता येतो, वेबसाइटसाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यात साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ : १ हवा असं धरलंय. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर ठेवला तर तो येतो जेमतेम १.०७ : १, आणि तोच पिवळा काळ्यावर ठेवला तर १९ च्याही वर जातो. म्हणजे पिवळ्यात दोष काही नव्हता, तो ठेवला कुठे होता ते बघायला हवं होतं. नेटवर कॉन्ट्रास्ट चेकर फुकट मिळतात, दोन रंग टाकायचे आणि आकडा बघायचा. तेही नको असेल तर पोस्टरची साधी काळी-पांढरी झेरॉक्स काढ, झेरॉक्समध्ये जे हेडिंग गायब होतं ते रस्त्यावरही गायब होणार.

'सगळ्यांना आवडलं' हे तर अजिबात लिहू नकोस, कारण घरचे आणि मैत्रिणी आवडलं असंच म्हणतात. त्यापेक्षा पोस्टर पाच सेकंद दाखव, उलटं कर आणि विचार, काय बघितलंत? सोसायटीच्या वॉचमनकाकांना विचार, कॉलेजबाहेर चहाच्या टपरीवर विचार. ते जे शब्द वापरतील ते तसेच्या तसे लिहून घे, सुधारू नकोस. कुणी म्हणालं 'देवाचा कलश आहे, पूजेचं काहीतरी' तर ते सोनं आहे तुझ्यासाठी, कारण मग तुला कळेल की टाकण्याची क्रिया दिसतच नाहीये.

मी असं लिहिलं असतं, बघ : "पहिल्या लेआउटमध्ये ताज्या झेंडूचा मोठा फोटो होता. आईला ती दुकानाची जाहिरात वाटली. तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात मोठं चित्र जे सांगतं तेच लोक वाचतात आणि माझं चित्र विकत घ्या म्हणत होतं. नदीचा खरा फोटो लावून पाहिला, पण बघणारे मजकुरापर्यंत पोचायच्या आत नजर काढून घेत होते. म्हणून घाण दाखवायच्या ऐवजी जे करायचंय तेच दाखवलं, हात आणि कलश. यात नदी पूर्ण गेली, ते मला अजून खटकतंय." हे उतरवून देऊ नकोस हं, तुझं तू लिही. पण शेवटचं वाक्य बघ, जे जमलं नाही तेही त्यात आहे, आणि ते 'टाइम मॅनेजमेंट सुधारेन'पेक्षा खूप उपयोगाचं आहे कारण पुढचं पोस्टर तिथून सुरू होईल.

तुमच्याकडे बहुतेक सहा चौकटींचा फॉर्म देत असतील, काय झालं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, का झालं, काय कळलं, पुढे काय. तो शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचा १९८८ चा साचा आहे, वाईट नाहीये, पण मुलं प्रत्येक चौकटीत दोन-दोन ओळी भरून मोकळी होतात. तू चौथ्या चौकटीला अर्धं पान दे, बाकीच्यांना एकेक ओळ पुरे. त्याच्या आधी १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी एक फरक मांडला होता, काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला वेगळा. तुमचं रिफ्लेक्शन दुसऱ्या प्रकारचं असतं पण त्याला माल पहिल्यातूनच मिळतो. म्हणून रफ (कच्ची चित्रं) फेकू नका, फाईल ओव्हरराइट करू नका, नवी सेव्ह करा आणि नावातच एक शब्द टाका, 'झेंडू-दुकान-वाटतंय' असं. सबमिशनच्या आदल्या रात्री हे आठवत नाही गं, कुणालाच आठवत नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझं सिंहगडावर ट्रायफोल्ड (तीन भागांत दुमडणारं) ब्रोशर होतं. स्क्रीनवर आकाश मस्त निळं होतं, प्रिंट आली ती जांभळी. शेवटच्या रात्री मजकुरात बदल होता म्हणून मित्राच्या लॅपटॉपवर परत पेस्ट केला तर 'किल्ल्यावर' मधली वेलांटी क च्या पुढे गेली, ल चे पाय मोडके दिसायला लागले, 'दुर्ग' चा रफार सुटा पडला, आणि मी ते प्रिंट झाल्यावर पाहिलं. घडी पण नीट बसत नाही, आतलं पान दुमडतं. मार्क गेलेच. आता रिफ्लेक्शनमध्ये हे सगळं लिहिलं तर अजून कापतील का? मित्र म्हणतो प्रिंटवाल्याने वाट लावली असं लिही.
(शेवटचं वर्ष, चिंचवड)

उत्तर : मार्क प्रिंटचे गेले, ते गेले. रिफ्लेक्शनचे अजून हातात आहेत आणि तुझ्याकडे वर्गात सगळ्यात जास्त मटेरियल आहे असं मला वाटतं. प्रिंटवाल्याच्या नावावर घालू नकोस, कारण तू जे तीन प्रकार सांगतोयस ते तिन्ही फाईलमध्येच होते, आणि शिकवणाऱ्याला ते लगेच कळतं.

निळ्याचं असं आहे. स्क्रीन प्रकाश फेकते, लाल-हिरवा-निळा मिळून, आणि छपाईत शाई प्रकाश शोषते, सायन (आकाशी), मजेंटा (गडद गुलाबी), यलो आणि ब्लॅक. स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा चार शाईंमधून निघतच नाही, मग मशीन त्याच्या जवळचं काहीतरी देते, आणि सायन नि मजेंटा दोन्ही शंभराच्या आसपास गेले की डोळ्याला जांभळाच दिसतो. निळा निळाच ठेवायचा तर मजेंटा सायनपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी तरी कमी ठेवायचा. आणि फाईल सुरू करतानाच सीएमवायके, म्हणजे याच चार शाईंच्या, मोडमध्ये कर, शेवटी बदलली की सगळे रंग एकदम सरकतात आणि मग कुठला सुधारायचा ते कळत नाही.

अक्षरांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि इंग्रजीतल्या ट्युटोरियलमध्ये कुणी सांगत नाही. 'कि' टाइप करताना आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवलं जातं, पण दिसताना वेलांटी डावीकडे आधी यावी लागते. 'र्ग' मध्ये र आधी टाइप होतो आणि दिसतो ग च्या डोक्यावर. 'ल्ल्या' मध्ये दोन ल अर्धे व्हावे लागतात. ही सगळी हलवाहलव सॉफ्टवेअरमधलं शेपिंग इंजिन करतं. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा कंपोझर (मजकूर मांडणारी सोय) चालू असेल तर ते होत नाही, जसं साठवलंय तसंच एकापुढे एक मांडलं जातं, नेमकं तुझ्यासारखं. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत जाऊन 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडायचा, इलस्ट्रेटरमध्ये तो दिसत नसेल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करायचा. मित्राच्या लॅपटॉपवर ते सेटिंग नव्हतं, एवढंच झालंय. अजून एक, अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळ, इंग्रजी कॅपिटलला शोभतं ते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेव, वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार असतात, त्यांची टक्कर होते. आणि दुकानात द्यायची ती पीडीएफ, फॉन्ट एम्बेड केलेली (फाईलमध्येच भरलेला), किंवा अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून. कर्व्ह करायच्या आधीची फाईल वेगळी जपून ठेव, नाहीतर एक काना बदलायला सगळं परत.

घडीचं सोपं आहे. ए-फोर आडवा २९७ मिलिमीटर, तू तिघांत सारखे ९९ केले असणार. आत दुमडणारं पान थोडं अरुंद लागतं, १००, १०० आणि ९७ असं कर, बसेल.

लिहिताना 'काय बिघडलं' दोन ओळींत आटप आणि 'का बिघडलं, ते मी कसं शोधलं' यावर जागा घाल. शोधलं नसशील तर आता शोध, तीच फाईल उघड, कंपोझर बदलून बघ, आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लाव. त्या निळ्याच्या पाच-सहा छटांची एक पट्टी त्याच कागदावर प्रिंट काढून आण, फार पैसे लागत नाहीत, आणि ती पट्टीच रिफ्लेक्शनला जोड. यावर कोणी मार्क कापले तर मला कळव.

प्रश्न : लोगोसाठी पिंटरेस्टवर एक रेफरन्स मिळाला, फायनल थोडं तसंच दिसतंय. रिफ्लेक्शनमध्ये लिहू की नको? आणि वेबपेजला गुगलवरचे फोटो वापरलेत ते चालतात ना?
(पहिलं वर्ष, हडपसर)

उत्तर : लिही, आणि रेफरन्स शेजारी लाव. त्यातलं काय घेतलंस आणि काय बदललंस ते सांग. बदललेलं सांगताच येत नसेल तर लोगो अजून झालेला नाहीये, परत रफला जा. फोटोंचं म्हणशील तर गुगल फक्त दाखवतं, फोटो कुणाचा तरी असतो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, शिकवण्या-शिकण्यासाठी त्यात काही सवलती आहेत, पण तेच काम पोर्टफोलिओ म्हणून नेटवर टाकलंस की गोष्ट बदलते. स्वतः काढ, नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सचे (मालकाने काही अटींवर वापरायला मोकळे ठेवलेले) शोध आणि ज्याचा आहे त्याचं नाव दे.

प्रश्न : ताई, आमचा चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट होता, मंडई मेट्रो स्टेशनवरून बाहेर पडल्यावर तुळशीबाग, दगडूशेठ, फुले मंडई कुठे ते दाखवणारा नकाशा. एकाने काहीच केलं नाही. दुसऱ्याशी माझं भांडण झालं, त्याला गुगल मॅपसारखा खरा स्केलचा नकाशा हवा होता आणि मला लंडनच्या मेट्रोसारख्या सरळ रेषांचा. शेवटी त्याचं झालं. रिफ्लेक्शन वैयक्तिक आहे. यातलं काय लिहू?
(दुसरं वर्ष, सदाशिव पेठ)

उत्तर : ज्याने काम केलं नाही त्याच्याबद्दल रिफ्लेक्शनमध्ये लिहू नकोस, ते सरांना वेगळं जाऊन सांग, आजच सांग. तुझ्या पानावर त्याला जागा द्यावी असं काही नाहीये.

भांडण मात्र पूर्ण लिही, तुम्ही फार महत्त्वाच्या गोष्टीवर भांडलात. लंडनच्या भुयारी रेल्वेचा तो नकाशा हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये छापला गेला. बेक इलेक्ट्रिकल ड्राफ्ट्समन होते, त्यांनी आडव्या, उभ्या आणि ४५ अंशातल्या रेषाच ठेवल्या आणि खरी अंतरं सोडून दिली. ते चाललं कारण जमिनीखालच्या प्रवाशाला बाहेरचं काही दिसत नसतं, त्याला फक्त कुठे बसायचं, कुठे बदलायचं आणि कुठे उतरायचं एवढंच हवं असतं. तुमचा माणूस मात्र स्टेशनच्या पायऱ्या चढून वर येतो, ऊन, रिक्षा, भाजीच्या पाट्या, बोहरी आळीची गर्दी, आणि तो चालतोय. त्याला वळण कुठे आहे ते समोर दिसणाऱ्या खुणेवरून कळतं, मंडईचा तो उंच मनोरा दिसला की उजवीकडे-डावीकडे असं. त्याच्यासाठी सरळ रेषांचा नकाशा कमी पडेल. पण खरा स्केलही कमी पडेल, कारण पेठेतल्या बोळांना खऱ्या मापात दाखवलं तर त्या केसासारख्या बारीक येतात आणि नावं लिहायला जागाच उरत नाही. मला वाटतं तुम्ही दोघंही अर्धे बरोबर होतात. नकाशाची प्रिंट घेऊन कुणातरी नवख्याला स्टेशनबाहेर उभं कर आणि तुळशीबागेपर्यंत चालायला सांग, तू मागे राहा, बोलू नकोस, फक्त तो कुठे थबकतो ते नकाशावर फुलीने मांड. त्या फुल्यांवर लिही.

प्रश्न : सादर नमस्कार. माझी मुलगी हा कोर्स करते. रात्र रात्र जागून एकच पोस्टर दहा प्रकारे करते, मग त्यावर पुन्हा निबंध लिहिते. मी स्वतः नोकरीत अकाउंट्सला होतो, मला यातलं कळत नाही, पण काळजी वाटते. हे शिक्षण नवीनच निघालंय का? आणि त्या निबंधाचा नोकरीत काय उपयोग? आम्ही घरच्यांनी काय करावं?
(एक वडील, सहकारनगर)

उत्तर : नमस्कार काका. तुम्ही विचारलंत हेच मोठं आहे, बरेच आईवडील गप्प राहतात आणि मुलांना वाटतं घरी कुणाला पडलेली नाही.

शिक्षण नवीन नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची आहे आणि मुंबई आयआयटीचं डिझाइन सेंटर १९६९ चं. आपल्या पुण्यात तर अक्षरांवर किती काम झालंय, लक्ष्मण वाकणकर, मुकुंद गोखले यांनी देवनागरी टाइपवर आयुष्यं घातली, संगणकावर भारतीय भाषा आणणाऱ्या सीडॅकचं मुख्यालय इथलंच. मुलगी जे करतेय त्याला इथे मुळं आहेत, हे तिलाही सांगा.

निबंधाचा उपयोग इंटरव्ह्यूत होतो, थेट. या क्षेत्रात मार्कशीटपेक्षा पोर्टफोलिओ बघतात, आणि समोरचा माणूस एका कामावर बोट ठेवून विचारतो, हे असंच का केलं? जिने दर प्रोजेक्टला तो प्रश्न स्वतःला विचारून उत्तर लिहून ठेवलंय तिला तिथे बोलता येतं. पुढे क्लायंट म्हणतो लोगो मोठा करा, तेव्हाही कारण देता यावं लागतं. तुम्ही व्हाउचरवर नॅरेशन लिहायचात, आकड्याखाली कारण, तिचंही काम त्याच जातीचं आहे.

दहा प्रकारे करणं गरजेचं असतं, रात्रभर जागणं नसतं. बऱ्याचदा जागरण होतं कारण मुलं थेट कम्प्युटरवर सुरू करतात. कागदावर काडेपेटीएवढ्या चौकटींत पेन्सिलने दहा रफ काढायला तास पुरतो, त्यातले दोन निवडून कम्प्युटरवर न्यायचे. हे तिला शांतपणे विचारा, रागावून नको.

आणि घरच्यांनी एक करावं, तिचं काम बघावं. 'छान आहे' म्हणू नका आणि 'मला त्यातलं कळत नाही' असंही म्हणू नका. तुम्हाला आधी काय दिसलं, मग काय दिसलं, काय वाचता आलं नाही, चष्मा लावून आणि चष्मा काढून, एवढं सांगा. या पानावरच्या पहिल्या पत्रातल्या आईंनी एका प्रश्नात पोस्टर बदलवलंय बघा.

प्रश्न : मॅडम, मी जुन्नरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पुण्यात होस्टेलला राहते. क्रिटमध्ये (वर्गात एकमेकांच्या कामावर चर्चा होते तिथे) सगळे इंग्रजीत बोलतात. माझं काम बरं असतं पण रिफ्लेक्शन इंग्रजीत लिहिताना मी जे बोलते त्याच्या पाव पण येत नाही. रूममेट म्हणते एआयला प्रोजेक्टचं नाव दे, तो लिहून देईल. सगळे तसंच करतात म्हणे. काय करू?
(पहिलं वर्ष, शिवाजीनगर)

उत्तर : प्रोजेक्टचं नाव देऊन जे मिळेल ते वरच्या चाळणीत एकही वाक्य टिकणार नाही असं असेल. त्याला तुझे रफ माहीत नाहीत, तू कुठला रंग का काढून टाकलास माहीत नाही, मग तो 'मला खूप शिकायला मिळालं' हेच छान इंग्रजीत लिहून देतो. आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, एखादा प्रश्न आला की तुझ्याकडे बोलायला काही नसतं, हे मी होताना पाहिलंय, वाईट वाटतं फार.

तू आधी मराठीत लिही. लिहायला अडलं तर बोल, फोनवर रेकॉर्ड कर, मैत्रिणीला सांगतेस तसं, 'इथे मला ते फारच टोचत होतं म्हणून मी खाली घेतलं'. मग ऐकून उतरव. लेआउट, ग्रिड, कॉन्ट्रास्ट, फॉन्ट हे शब्द तसेच राहू देत, त्यांना मराठी शोधत बसू नकोस, आपण सगळे तेच बोलतो. वाक्य तुझं असलं पाहिजे. अक्षररचनाकार र. कृ. जोशी कविता मराठीत लिहायचे आणि विंडोजमधला मंगल फॉन्टही त्यांचाच, कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं अशी काढली की नाव वाचायच्या आधी नाटकाचा मूड कळायचा. दृश्याचा बारीक विचार या भाषेत झालेला आहे, तू काही रिकाम्या जागेत उभी नाहीयेस.

मग शिकवणाऱ्यांना जाऊन सरळ विचार, मराठीत दिलं तर चालेल का. आपल्याकडे पुष्कळ जण हो म्हणतात, कुणी विचारतच नाही म्हणून माहीत नसतं. इंग्रजीतच हवं म्हणाले तर तुझ्या मराठी पानाचं भाषांतर करायला एआयची मदत घे, पण आधी तेही त्यांना विचारून घे, आणि आलेलं इंग्रजी ओळीने ओळ तपास. 'टोचत होतं' याचं त्याने काहीतरी गुळगुळीत करून ठेवलं असेल, तिथे हात घाल, तुला म्हणायचं होतं तेवढं टोक त्यात परत आण. दोन्ही पानं जोडून दे, मराठी वर आणि इंग्रजी खाली.